सून आल्यावरचा बिछाना

लेकाचं लग्न झालं आणि पूजेच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या धाकट्या नणंदेने ह्यांची गादी उचलून ओटीवर नेऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे, वसईच्या वाडीवाल्या घरांत, रीतच आहे ती. सून आली की सासू-सासऱ्यांचा बिछाना वेगळा. "आता शोभतं का, वहिनी?" एवढंच म्हणाली.

काय शोभत नाही, ते तरी सांगायचं! अख्खं तारुण्य माझं दिवस राहतील या धास्तीत गेलं. पलीकडे सासूबाई नुसत्या खोकल्या तरी अंग आकसायचं. आता पाळी गेली, भीती गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर मला ह्यांची ओढ वाटायला लागली, पूर्वी कधी वाटली नव्हती तशी. डॉक्टरीणबाईंना लाजत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काहींची इच्छा कमी होते, काहींची वाढते. चालायचंच." तरी मला चोरट्यासारखं वाटत राहिलं.

राग खरा ह्यांचा आला. "नको" म्हणून एक शब्द काढला नाही. उशी बगलेत मारली आणि गेले. पुरुष म्हणे सदा आसुसलेले, बायका थंड. लहानपणापासून हेच ऐकलं होतं. मग हा माणूस असा कसा? महिनोन् महिने मी तळमळत काढले. भांडी आपटली, विनाकारण खेकसले.

एका दुपारी उन्हं कलली तेव्हा हे ओटीवर केळीच्या पानांचे गठ्ठे बांधत होते. मी सरळ विचारलं, "मी नकोशी झाले का हो तुम्हाला?"

हात थांबले. मान खालीच. "साखर वाढल्यापासून जमत नाही मला. तुला कसं सांगू? गादी बाहेर आली तेव्हा सुटलो, असं वाटलं बघ."

मला रडू आलं आणि संतापही. बाईने मागायचं नाही, पुरुषाने जमत नाही म्हणायचं नाही, आणि वरून रीत आहे म्हणून गप्प बसायचं!

"मला काय तेवढंच हवं होतं?" मी ओरडलेच. "नुसतं जवळ हवं होतं मला कुणीतरी!"

मी त्यांच्या अंगाला टेकून बसले, हात घट्ट धरला. तेवढ्यात फाटक वाजलं. सून कामावरून येत होती. हे घाईघाईने सरकायला लागले. मी हात सोडला नाही.