दारात बसलेला मालडबा

छोट्या रेल्वेलाइनचे जुने मालडबे कुठे कुठे उरलेत, ते शोधायचं मला खूळ आहे. डबा सापडला की नंबर उतरवायचा आणि पुढच्या डब्यामागे पळायचं. पायाला भिंगरी आहे, असं घरचे म्हणतात.

दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर असाच एक डबा दिसला. चाकं नव्हती. भंगारातून आणून एका म्हाताऱ्यानं त्यात गुरांच्या वैरणीचं कुटार भरलं होतं. नंबर लाल रंगाच्या थरांखाली गेला होता. मी घाईनं चाकू काढला, तसं त्यानं माझं मनगट धरलं. दुसरा हात तो बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा डब्यावरून फिरवत होता.

"खरवडू नका भाऊ. दर पोळ्याले लावतो मी हा रंग."

"डब्याला कसला पोळा, बाबाजी?"

"आमचे बापजादे बैलायवर मीठ वाहायचे. हे डबे आले अन् आमचे बैल बसले. आता हाच दारात बसला हाये. बसला म्हनून बैलाचा पोळा चुकवते का कोनी?"

मी चाकू मिटला. वहीत त्या नंबराची जागा अजून कोरी आहे आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही. तरी गेल्या पोळ्याला लाल रंग मीच घेऊन गेलो.