दुसऱ्या डब्यातलं दही

जमुनाबाईच्या गिल्या वड्याचा, म्हणजे दह्यात भिजवलेल्या डाळीच्या वड्याचा, गाडा अमरावतीच्या चौपाटीत गाड्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, लिंबाखाली लागतो. नवऱ्याची पाठ गेली, ऑटो विकावा लागला, तेव्हा तिनं हा गाडा टाकला. चांदूर बाजारला सासू सणावारी वडे करायची, तोच हात तिच्याकडे आला होता. डाळ पाट्यावर, दही घरचं. शिकवणी वर्गांची पोरंपोरी दिवे लागले की तिच्याभोवती जमायची आणि तिला मावशी म्हणायची.

मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी मात्र गाड्यासमोर मोटरसायकल आडवी लागली. चष्मा घातलेला एक तरुण उतरला. मागे बसलेला मित्र मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होता.

"काल माझ्या बहिणीनं इथं वडे खाल्ले," तो म्हणाला. "रात्रीपासून उलट्या करते आहे. आता दवाखान्यात आहे. काय घातलं होतं तुम्ही?"

जमुनाच्या हातातला पळा तसाच दह्यात राहिला.

शेजारी सांबारवडीचा, कोथिंबीर भरलेल्या वडीचा, गाडा लावणारा बंडू लगेच पुढं आला. "ए भाऊ, इथं रोज इतके लोक खातात. कोनाले काही झालं नाही. तुई बहीन दिवसभर अजून काय काय खाल्ली, थे पाहिलं का?"

"मी तुमच्याशी बोलत नाही." तरुणानं गाड्याच्या कडेवर हात ठेवला. गाडा हलला. वड्यांची परात सरकली तशी दोन बायका आपल्या मुलांना घेऊन मागं झाल्या. आजूबाजूची माणसं हळूहळू जवळ येऊ लागली.

बंडू जमुनाच्या कानाशी वाकला. "वैनी, दही ताजं होतं म्हना. येवढंच म्हना."

दही ताजं नव्हतं, हे फक्त जमुनाला ठाऊक होतं. काल परीक्षा संपलेली पोरं झुंडीनं आली होती. बर्फाच्या पेटीतलं दही आटोपलं. दुसरा डबा पेटीत मावला नव्हता म्हणून शेगडीजवळच राहिला होता. तिनं बोटावर घेऊन चाखलं. आंबूस लागलं, जरा वासही आला. समोर रांग उभी होती. तिनं साखर जास्तीची टाकली, जिरेपूड भुरभुरली आणि वाढलं. रात्री झोपतानाही ते मनात येऊन गेलं होतं.

आता मोबाइल तिच्या तोंडासमोर होता.

"पहिलं दही चांगलं होतं," ती म्हणाली. "मागचं आंबलं होतं. मी साखर टाकून वाढलं."

बंडूनं कपाळावर हात मारला. एका माणसानं अर्धी खाल्लेली प्लेट गाड्यावर ठेवली आणि निघून गेला. तरुणाला बहुधा भांडणाची अपेक्षा होती. त्यानं गाड्यावरचा हात काढला.

जमुनानं शेगडी बंद केली. "मले दवाखान्यात ने. पोरीच्या पोटात काय गेलं, थे डॉक्टरले सांगाले पायजे."

मित्राला तिथंच सोडून तो तिला घेऊन निघाला. त्याचं नाव ईशान, बहिणीचं आकांक्षा, एवढं तिला वाटेत कळलं. गाडी तो इतकी जोरात हाणत होता की तिनं मागची दांडी दोन्ही हातांनी धरली. एक पोर मरत असेल आणि आपण साखर टाकली, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दवाखान्यात बाकावर आकांक्षाची आई गीतांजली बसली होती. ईशाननं कोण आलं ते सांगितलं. आईनं जमुनाकडे एकदा पाहिलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. जमुनानं नर्सला गाठून दह्याचं सगळं सांगितलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या पदराला तळणाचा वास येत होता. आत पोरगी कण्हत होती, ते दाराबाहेर स्पष्ट ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "अपेंडिक्स आहे. सोनोग्राफीत दिसतंय. आजच ऑपरेशन करावं लागेल."

"खाण्यामुळं?" आईनं विचारलं.

"नाही. खाण्याचा काही संबंध नाही."

सह्या, धावपळ, स्ट्रेचर. जमुनाकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. ईशान एकदा तिच्याजवळून गेला, थांबला आणि औषधं आणायला पळाला. पोरीला सुखरूप बाहेर आणलं तोवर ती तिथंच होती. मग पायऱ्या उतरून तिनं बंडूला फोन लावला.

"आपल्या दह्यानं नाही झालं थे," तिनं सांगितलं.

"वैनी, सांगनार नव्हतो," बंडू म्हणाला. " काल तुमच्याकडची प्लेट मी बी खाल्ली. सकाळपासून चार वेळा जाऊन आलो."

"मंग तवा कावून नाही बोलला?"

"त्या पोरांसमोर कसा बोलू?"

तिच्या मनावरचं ओझं उतरलंच नाही. मित्रानं गाड्यावरचा व्हिडिओ तेव्हाच इंटरनेटवर टाकला होता. त्यात तिची कबुली होती, डॉक्टरांचं बोलणं नव्हतं. ईशाननं तो काढायला लावला तोवर तो गावभर फिरला होता. आठवडाभर तिनं गाडा लावला नाही. लावला तेव्हा पोरं समोरून जायची आणि सांबारवडीपाशी थांबायची. तिनं दुसरी बर्फपेटी घेतली, दही थोडंच लावू लागली, संपलं की गाडा आवरायची. गिऱ्हाईक परतायला पावसाळा उजाडला, आणि काहीजण परतलेच नाहीत.

एका संध्याकाळी एक वाळकुडी मुलगी आईबरोबर गाड्यासमोर आली. आईला पाहून जमुनानं ओळखलं.

"मावशी, एक प्लेट," आकांक्षा म्हणाली.

"डॉक्टरले इचारलं का?"

"विचारलं. चालतं म्हणाले."

जमुनानं आईकडे पाहिलं. गीतांजलीनं मान डोलावली आणि म्हणाली, "दोन द्या."

ईशान रस्त्यापलीकडे मोटरसायकलपाशी उभा होता. तो आला नाही. जमुनानंही त्याला हाक मारली नाही. तिनं दोन प्लेटा भरल्या, वरून चटणी सोडली आणि पुढं केल्या.