मातीचा गडी

हिच्यासंगं शेवटचं फिरणं झालं ते चंद्रपूरच्या म्युझियमात. दवाखान्यातून निघालो, ऊन तापलं होतं, म्हणून आत जाऊन बसलो. तिथला चौकीदार माझ्या ओळखीचा. तो खाकरल्याशिवाय बोलत नाही, आणि काचेवरचे लोकांच्या बोटांचे डाग आपल्याच बाहीनं पुसतो. इजिप्त देशातली वीतभर मातीची बाहुली दाखवून तो हिला म्हणाला, "बाई, हा गडी हाय. मेलेल्या मालकासंगं पुरत. तिकडं काम निघालं का हा करे, मालक आराम करे."

"म्हणजे गड्याले मेल्यावरबी सुट्टी नाई," ही म्हणाली. तो लई हासला.

थोड्याच दिवसांत ही गेली. आमच्यात पुरतात, आणि बाईच्या मातीवर तिचा विळा ठेवतात. मीही ठेवला. चौकीदार भेटायला आला, मातीपाशी उभा राहिला आणि न खाकरताच बोलला, "भाऊ, विळा काऊन ठेवला? तिकडंबी बाईनंच धान कापायचं का?"

मला राग आला. "आमची रीत हाय. तुले काय करायचं?"

तो चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा उचलून आणला आणि तिच्या वाटचं राहिलेलं धान कापायला शेतातल्या बांधीत उतरलो.