माझ्या शेजारचा श्वास

विश्वचषक फुटबॉलचा तो अंतिम सामना मी धाकट्या भावाशेजारी बसून पाहिला, पण त्यातला एकही गोल मला आठवत नाही. नुकतंच त्याला बारामतीच्या दवाखान्यातून कोऱ्हाळ्याला घरी आणलं होतं. हृदयावर ताण येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी त्याच्या सदऱ्याचं वरखाली होणं तेवढं बघत होते.

"ताई, मॅच तिकडं हाय, माझ्या छातीवर न्हाय," तो हसून म्हणाला.

बरोबरी सुटेना, तेव्हा निकाल पेनल्टीवर गेला. पहिला खेळाडू चेंडूकडे धावला आणि भावाचा श्वास थांबला. मी घाबरून टीव्ही बंद केला. तो ताडकन उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लाव आधी! काय झालं आसंल ह्या इचारानंच जाईन मी."

मी लगेच टीव्ही लावला. तो खाली बसला आणि प्रत्येक पेनल्टीला मुद्दाम मोठ्याने श्वास घेऊ लागला, मला ऐकू यावा म्हणून.

तो सामना त्याने निभावला. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. शेजारी कुणी शांत बसलं की मी अजून दचकून वळून बघते.