आमचा वाटमाऱ्या आणि माउंट फेबरचा रस्ता

या सहलीचं मूळ एका भांडणात आहे. माझे वडील, अण्णा, वाईहून माझ्याकडे सिंगापूरला, बेडोकला आले होते आणि सर्वपित्री अमावस्या जवळ आली होती. आमच्याकडे त्या दिवशी पान वाढताना सगळ्या पूर्वजांची नावं घेतात. एक सोडून. राणोजी, अण्णांच्या खापरपणजोबांचा भाऊ. घाटात वाटमारी केली म्हणून इंग्रजांनी त्याला बेड्या घालून सिंगापूरला धाडलं, तो परतलाच नाही. घरात विचारलं की उत्तर एकच, तो काशीला गेला. कसली काशी! मी त्याच सिंगापुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, माझं डोकंच फिरलं. यंदा त्याचं नाव घेणार नसाल तर खीर मी करणार नाही, असं अण्णांना सांगून टाकलं. खिरीशिवाय पान वाढत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक.

त्यात नोरा जेवायला आली. ही माझ्या ऑफिसातली, ऑस्ट्रेलियन, मूळची आयरिश. तिच्या एका पूर्वजाला आयर्लंडात वाटमारी केल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला पाठवलं होतं, आणि ही बया ते पदक मिळाल्यासारखं सांगते. अण्णांनी ताटातून मान वर केली नाही. ती गेल्यावर म्हणाले, या लोकांना लाज कशी वाटत नाही.

म्हटलं, थांबा, दाखवतेच. रविवारी दोघांना घेऊन निघाले.

बेडोकहून एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, हिरवी लाइन धरायची आणि सिटी हॉलला उतरायचं. बाहेर येताच पांढरंशुभ्र कॅथीड्रल दिसतं. हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी बांधलेलं. गिलाव्यात अंड्यातलं पांढरं आणि साखर घातली होती म्हणे. अंडं ऐकून अण्णांनी खांबावरचा हात झटकन काढला, आणि आम्ही पुढे गेल्यावर हळूच परत लावला. पाहिलं मी. जवळच ब्रास बसाहला कैद्यांचा तुरुंग होता, पण तो शोधत उन्हात फिरू नका, काही उरलेलं नाही. त्यापेक्षा हॉकर सेंटरला, म्हणजे खाऊच्या टपऱ्यांच्या मंडईत, डोसा आणि कोपी ही इथली कॉफी घ्या, स्वस्तात पोट भरतं.

दुपारी हार्बरफ्रंट स्टेशनला उतरून माउंट फेबरची टेकडी. पायऱ्यांची वाट दमवते, गुडघे कुरकुरत असतील तर सरळ टॅक्सी करा. अण्णा गाडीरस्त्यानेच चालत निघाले. हा रस्ताही कैद्यांनी कापला असं सांगतात, हे मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

अण्णा वळणावर थांबले. बांधकाम खात्यात त्यांचा जन्म घाटरस्ते करण्यात गेला. खाली बघितलं, वर बघितलं. टिकाव आणि पहार घेऊन हे केलं असेल, म्हणाले, तेही या उकाड्यात. राणोजी इथे राबला की आणखी कुठे, देव जाणे. मला त्याने काही फरक पडत नव्हता.

नोराने विचारलं, अण्णा काय म्हणतायत. मी सांगितलं, राणोजीच्या गोष्टीसकट. मग ती त्यांच्याकडे वळून सावकाश इंग्रजीत म्हणाली, "आमच्याने लूट केली, शिक्षाही भोगली. आता त्याच्या घरच्यांनी किती पिढ्या भोगायची?"

अण्णांना इंग्रजी चांगलं कळतं. खाली उतरल्यावर त्यांनी पायथ्याशी एक टोपी घेतली आणि डोक्यावर चढवली.

अमावस्येला सकाळी मी दूध गॅसवर ठेवलंच नाही. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले, रिकामं पातेलं बघितलं आणि वाईला थोरल्या काकांना फोन लावला. स्पीकरवर.

"दादा, यंदा पानावर राणोजीचं नाव घ्या. मी इथे घेतोय."

काका भडकले. भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, लोक विचारतील कोण हा राणोजी.

"सांगा वाटमाऱ्या होता," अण्णा म्हणाले. "आणि आपलाच होता."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "बघतेस काय, दूध ठेव."

सहलीहून परत आणलेली वस्तू एकच, पायथ्याशी घेतलेली अण्णांची टोपी. ती वाईला गेली. इथे माझ्याकडे एक नाव राहिलंय, आणि कोणी विचारलंच तर मी ते पत्त्यासकट सांगते: काशी नव्हे, सिंगापूर.