कार्डिफ ते ब्रेकन: काळी गुरं आणि एक गूळतुपाची पोळी

इराच्या कोटाच्या खिशात बीफ बर्गरचा कागद सापडला नसता, तर आम्ही या सहलीला गेलोच नसतो. कोट धुवायला टाकताना मी नेहमी खिसे तपासते. आजवर फार तर च्युइंगम निघालं होतं.

माझी लेक सोळा वर्षांची, जन्म कार्डिफचा. गेलं वर्षभर तिचं लोह इतकं कमी होतं की नेटबॉल सुटला आणि जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायला लागली. गोळ्यांनी पोट बिघडायचं. मी पुण्याहून आणलेल्या लोखंडी कढईत रोज पालक परतायचे, वर लिंबू पिळायचे. आकडा काही हलेना. नवरा डॉक्टर असला तरी घरच्या रुग्णापुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून आम्ही आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, लाल मांसातलं लोह शरीर पालकातल्या लोहापेक्षा सहज घेतं. शिवाय बी-ट्वेल्व्ह, झिंक आणि चांगली प्रथिनं मिळतात. रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा बेताचं खा. "विचार करा," त्या म्हणाल्या. आमचं घर शाकाहारी, मी विचार केला नाही. इराने केला.

मला बीफपेक्षा चोरून खाल्ल्याचं जास्त लागलं. तसं म्हटल्यावर इराने विचारलं, "मी आस्क केलं असतं, तर तू हो म्हणाली असती?" शेवटी तह झाला: ते येतं कुठून हे आधी दोघींनी बघायचं, मग ठरवायचं. आणि यापुढे एकमेकींपासून काही लपवायचं नाही. ही दुसरी अट माझी होती, लक्षात असू द्या.

शनिवार

कार्डिफहून ए-४७० हा हमरस्ता धरायचा आणि मर्थर टिडफिलवरून सरळ वर जायचं. सव्वा तास पुरतो, पण वाटेत धरणाचं पाणी आणि मोकळे डोंगर दिसायला लागले की कोणीही थांबतं, तेव्हा दोन तास धरा. पेन-इ-व्हॅनचं शिखर चढायचं असेल तर पार्किंगसाठी सकाळी लवकर पोचा. आम्हाला चढायचं नव्हतं. आम्ही गाडीतच डबा उघडला. गूळतुपाच्या पोळ्यांची गुंडाळी हे आमच्या घरचं प्रवासाचं खाणं, आणि वेल्सच्या वाऱ्यात ते फार चांगलं लागतं.

ब्रेकन ओलांडलं की खरी परीक्षा सुरू होते. रस्ता एका गाडीचा, दोन्हीकडे पुरुषभर उंच झुडपांच्या भिंती, आणि समोरून ट्रॅक्टर. मागे घेण्याशिवाय गत्यंतर नसतं. रिव्हर्समध्ये कच्चे असाल तर इथे येण्याआधी सराव करा. मी तीनदा मागे गेले, तिसऱ्यांदा ट्रॅक्टरवाल्याने टोपी उचलून मला सलाम केला.

आम्ही उतरलो त्या गुरांच्या फार्मवरची बी अँड बीची खोली छान होती, दोघींना नाश्त्यासकट नव्वद पौंड. मालकीणबाई ग्वेन, साठीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी आमचे बूट जंतुनाशकाच्या टबात बुडवायला लावले आणि मग फिरवलं. काळी कुळकुळीत वेल्श गुरं, शिंगं पांढरी, टोकाला काळी. वासरं वसंतात जन्मतात आणि आठ-नऊ महिने आईजवळच पितात, चरतात. उन्हाळाभर डोंगरावर, हिवाळ्यात गोठ्यात. तेव्हा आंबवलेलं गवत खातात, ज्याचा वास थेट माझ्या लोणच्याच्या बरणीसारखा होता. इराने नाक धरलं, मी मात्र दोनदा हुंगून घेतला. दोन-अडीच वर्षांचे झाले की बैल जवळच्या कत्तलखान्यात जातात. मांस थंड खोलीत दोन-तीन आठवडे टांगून मुरवतात, मग खाटीक कापतो. ग्वेनबाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं, काही गोड न करता.

सगळ्यात मजा वाटली ती पासपोर्टची. इथे प्रत्येक गुराला पासपोर्ट असतो! कानात नंबर, कागदावर आईचा नंबर, जन्मतारीख, कुठून कुठे गेलं त्याची नोंद. आमच्या व्हिसाच्या फायली आठवून मला त्या गुरांबद्दल एकदम बंधुभाव वाटला.

कडेच्या कुंपणात एक बैल वेगळा उभा होता. इराने नाव विचारलं. ग्वेनबाई म्हणाल्या, जाणाऱ्यांना आम्ही नाव ठेवत नाही, हा सोमवारी जाणार. बैल आमच्याकडे बघत रवंथ करत राहिला. मी आयुष्यात पहिल्यांदा सोमवारी मरणाऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांत बघत होते आणि तो माझ्या लेकीसाठीच मरणार आहे असं मला उगाच वाटलं.

रविवार

सकाळी सहालाच जाग आली. इरा झोपली होती. डब्यात एक पोळी उरली होती. माझ्या माहेरी पहिली पोळी गाईची असायची, दारात कोणती तरी गाय यायचीच. कार्डिफमध्ये गाय कुठली, म्हणून इतकी वर्षं तो घास मी बागेतल्या पक्ष्यांना घालते. आणि इथे कुंपणापलीकडे कालचा तो बैल उभा होता. मी गेले, त्याच्या कपाळाला हात लावला, माफ कर म्हटलं आणि पोळी पुढे केली. त्याने खरखरीत जिभेने ती सबंध ओढून घेतली. मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

वळले तर मागे इरा, पायजम्यावर माझा कोट चढवून.

"आई, तू त्याला फूड दिलं?" ती कुजबुजली. "गेटवर साइन आहे. घरातला काही फीड नाही करायचा. इट्स इल्लीगल."

पाटी मी पाहिली होती. ती भटक्या पर्यटकांच्या सँडविचसाठी असेल, गोग्रासासाठी कशी असेल, असं माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. "एक पोळी तर होती," मी म्हटलं. "कोणाला कळणार आहे? चल, नाश्ता करून निघू."

इरा हलली नाही. "लपवायचं नाही, तू म्हणाली होती."

माझीच अट माझ्याच गळ्यात. खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. मग त्या बर्गरच्या कागदाची आठवण झाली आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

ग्वेनबाई स्वयंपाकघरात अंडी फोडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसल्या. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पूर्वी लाळ-खुरकुताची साथ आली तेव्हा त्यांच्या वडिलांची सगळी गुरं एका दिवसात मारावी लागली होती, त्यांनी सांगितलं. असे रोग माणसाच्या ताटातल्या उष्ट्यातून गुरांपर्यंत पोचू शकतात, म्हणून कायदा आहे. त्यात श्रद्धेला सूट नाही. त्यांनी पशुवैद्याला फोन लावला. पोळीत काय काय होतं ते मला सांगावं लागलं: गहू, गूळ, तूप. पलीकडून तूप म्हणजे काय हे विचारलं गेलं, तेही सांगितलं.

निकाल असा लागला की बैलावर लक्ष ठेवायचं, तोवर सोमवारचं जाणं रद्द. छोट्या कत्तलखान्यात वेळ आधीच घ्यावी लागते, पुढची वेळ कधी मिळेल सांगता येत नाही, आणि गावातली गिऱ्हाइकं वाट बघत होती. मी पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होते. ग्वेनबाई म्हणाल्या, "न सांगता गेला असतात तर मला कधीच कळलं नसतं. सांगितलंत, हे मी लक्षात ठेवीन." मी इराकडे बोट दाखवलं. सांगायला लावणारी ती होती.

मग त्यांनी इराला विचारलं, आता तरी तुला हवंय का? इराने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या मिठाकडे पाहिलं. आपल्या खाऊच्या पैशातून तिने फ्रीजरमधल्या खिम्याचं एक पाकीट घेतलं. ते आमच्या आइसबॉक्समध्ये, माझ्या दह्याच्या डब्याशेजारी बसून कार्डिफला आलं. वाटेत आम्ही धरणापाशीही थांबलो नाही.

घरी

संध्याकाळी इरा खालच्या कपाटात वाकून काहीतरी शोधत होती. सोलवटलेला जुना नॉनस्टिक पॅन निघाला, तो फेकायचा राहिला होता. तिने खिडकी सताड उघडली, एक्झॉस्ट लावला, म्हणजे मला वास येऊ नये. आपल्याच घरात ती पाहुण्यासारखी वावरत होती. मला ते बघवलं नाही.

मी तो पॅन तिच्या हातातून घेतला आणि लोखंडी कढई शेगडीवर ठेवली.

"पालकाची? शुअर?"

"यात कर. लोह थोडं जास्तच मिळेल."

मी कांदा चिरून दिला, लिंबू कापलं. खाल्लं तिने, मी समोर बसून वरणभात जेवले. जेवणावर तिला चहा दिला नाही, चहाने लोह कमी मिळतं म्हणे. वासाची सवय मला अजून झालेली नाही, होईल असंही वाटत नाही. पण इरा आता जिना एका दमात चढते आणि कोटाचे खिसे मी तपासत नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. बूट जुने न्या, आणि डबा गाडीतच ठेवा.

काही आठवड्यांनी ग्वेनबाईंचा मेसेज आला. मीच कळवा म्हटलं होतं. 'आज गेला. शांतपणे.' आम्ही जेवत होतो, इराच्या ताटात खिमा होता. मी इराला वाचून दाखवलं. तिचा घास हातातच राहिला. थांबू का, तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "जेव. पानात काही टाकायचं नाही."