सोनाआजीची जाहीर भांडणं

सोनाआजीला घरात भांडलेलं चालत नसे. सुनेशी वाजलं की ती आमटीची वाटी घेऊन गॅलरीत यायची आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी सुरू व्हायची, "बघा गं बायांनो, हिनं आज पण मीठ घातलं नाय!" आतून विमलकाकू हळूच काही बोलली, की आजी दरडावायची, "आत काय पुटपुटतेस? बाहेर ये, चारचौघांत बोल!"

अंबरनाथच्या बुवापाड्यात त्यांची नि आमची खोली एका भिंतीला लागून. इमारत सरकारी, खोली आजीच्या नावावर. थोरला मुलगा वारल्यापासून ती आणि विमलकाकू दोघीच राहत. काकू उल्हासनगरला जीन्स शिवायला जायची. धाकट्या दिनेशचा बदलापूरला स्वतःचा फ्लॅट होता, पण डोळा मात्र या खोलीवर.

"मावशी, बिचारीचा रोज कशाला तमाशा करता?" आईने एकदा विचारलंच.

"अगं, खोली सरकारची. मी गेले की साहेब येणार, विचारणार, म्हातारीजवळ कोण राहत होतं? त्याच्याच नावावर खोली करणार. गोडीत राहणाऱ्यांकडं कोण बघतंय? भांडण बरोबर ध्यानात राहतंय लोकांच्या."

आम्ही पोट धरून हसलो. म्हातारी पक्की होती.

आजी गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि काही दिवसांनी खरोखरच साहेब चौकशीला आले. अख्खा मजला एका सुरात म्हणाला, "विमलच राहायची. मिठावरनं रोज भांडायच्या ना दोघी!"

दिनेशने तेच उचललं. "ऐकलं ना साहेब? छळायची ही आईला. साधं मीठ देत नव्हती. आईजवळ राहत होतो तो मी!"

विमलकाकूचा चेहरा पांढराफटक पडला. आजीची युक्ती तिच्याच सुनेच्या गळ्याशी आली होती.

तेवढ्यात माझी आई पुढे झाली. "काय रे, तुझ्या आईला बीपी होता. डॉक्टरनं मीठ बंद केलेलं. एवढं पण तुला माहीत नाय, नि म्हणे जवळ राहत होतो?"

साहेबांनी हसू दाबलं. दिनेश चपला शोधू लागला.

खोली काकूच्या नावावर झाली. त्या दिवशी तिने आमटीत पहिल्यांदाच नीट मीठ घातलं आणि वाटी आजीच्या फोटोपुढे ठेवली. मग गॅलरीत येऊन मोठ्याने विचारलं, "आई, आज तरी मीठ बरोबर आहे ना?"

सगळा मजला दारात आला.